माचणूरचा खडक कसा बघायचा: एका बोअरवाल्याची पद्धत

सोलापूरजवळ भीमेकाठच्या माचणूरला गेलात की लगेच सिद्धेश्वराच्या देवळात शिरू नका, किल्ल्याकडंही वळू नका. देव कुठं जात नाही. आधी घाट उतरून थेट खाली या, बांधलेली पायरी संपून नैसर्गिक खडक सुरू होतो तिथवर. चप्पल काढून त्या खडकावर उभे राहा आणि मागं वळून वर बघा. घाट, देऊळ, पलीकडं किल्ल्याचा तट, सगळा भार शेवटी याच दगडावर. म्हणून बघायला सुरुवात इथून करायची आणि खालून वर जायचं. बहुतेक लोक उलटं करतात. आधी औरंगजेबाच्या इथल्या छावणीच्या गोष्टी, मग देऊळ, मग सेल्फी, आणि खडकावर फक्त पाय घसरला तरच लक्ष जातं.

मी भूगर्भशास्त्र शिकलेला माणूस नाही. आयुष्य बोअरच्या गाडीवर गेलं. मोहोळ, मंगळवेढा, सांगोला, दक्षिण सोलापूर, या पट्ट्यात साडेसहा इंची भोकातून वर येणारी पूड बघायची आणि खाली काय चाललंय ते ओळखायचं, हा धंदा. पुस्तकं नंतर हातात आली, जाणकारांबरोबर हिंडणंही नंतरचं. त्यामुळं पुढं जे सांगतो त्यात निम्मी बोअरवाल्याची नजर आहे. ती शिकायला कॉलेज लागत नाही.

कधी आणि कसं जायचं

खडक उघडा पडायला हवा, म्हणजे पाणी खाली हवं. जानेवारी ते मे हा काळ बरा. मार्चनंतर मात्र सूर्य उगवायच्या आधी घाटावर हजर असाल अशा बेतानं निघा. सोलापूरचं ऊन काय चीज आहे ते तुम्हाला सांगायला नको, आणि काळा दगड दहा वाजताच तापतो. सकाळचं आणखी एक कारण आहे. उन्हाची तिरीप आडवी पडली की दगडावरचे बारीक घाव, रेघा, झिजलेली अक्षरं सावलीनं उठून दिसतात. डोक्यावर ऊन आलं की तोच दगड सपाट होतो. महाशिवरात्रीच्या जत्रेत आणि श्रावणी सोमवारी दर्शनाला जरूर जा, खडक बघायला नको.

उजनीचा विसर्ग विचारल्याशिवाय पात्रात उतरू नका. हे धरण १९८० साली पूर्ण झालं आणि तेव्हापासून भीमेचं वेळापत्रक पावसाच्या हातात उरलं नाही. सोलापूर शहरासाठी औज बंधाऱ्यात पाणी भरायचं तर ते उजनीतून नदीनंच सोडतात आणि माचणूरवरूनच ते पुढं जातं. म्हणजे भर एप्रिलमध्ये, आभाळात एक ढग नसताना नदी चढू शकते. पेपरात ‘भीमेत पाणी सोडले’ अशी बातमी दिसली की चार-आठ दिवस बेत पुढं ढकला. खालच्या बंधाऱ्याला दारं टाकलेली असली तरी तेच, निम्मा खडक पाण्यात असतो.

सोलापूरहून मंगळवेढा रस्त्यानं तिऱ्हे, कामती, बेगमपूर, मग भीमेवरचा पूल आणि पलीकडं माचणूर. साधारण चाळीस किलोमीटर. एसटीनं जाता येतं, पण स्वतःची गाडी असेल तर वाटेत थांबता येतं आणि थांबायचंच आहे. तिऱ्ह्याला सीनेचा पूल लागतो. तिथं नदीच्या दरडीकडं बघा. दरडीत उघडी पडलेली माती, चुनखडीचे पांढरे खडे, तळाशी वाळू-गोटा, हे ओळखीचं झालं की पुढं माचणूरला फरक समजतो: ही दरड नदीनं आणून टाकलेल्या गाळाची आणि घाटाखालचा खडक नदीच्या किती तरी आधीचा.

पिशवीत काय असावं

एक भिंग, दहापट मोठं दाखवणारं. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. लोखंडी खिळा. पाण्याची एक बाटली पिण्याची आणि एक दगड ओला करायची, कारण कोरडा धुळकट दगड काहीच बोलत नाही, ओला केला की रंग आणि ठिपके दिसतात. छोट्या शिशीत व्हिनेगर, चायनीजच्या गाडीवर असतं तेच. वही, पेन्सिल, मोबाइल. हातोडा नको. देवळाच्या आणि किल्ल्याच्या परिसरात दगड फोडणं हा गुन्हा आहे आणि गावकऱ्यांनी धरलं तर कायद्याची गरजही पडणार नाही.

आता खडक

आधी थोडी पार्श्वभूमी, म्हणजे डोळ्याला काय शोधायचं ते कळेल. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबलचक भेगा पडून लाव्हा बाहेर आला. ज्वालामुखीचं चित्र काढतात तसा एका डोंगराच्या तोंडातून नव्हे. एक प्रवाह पसरला, थिजला. मध्ये कधी थोडा, कधी बराच काळ गेला. मग त्याच्यावर दुसरा, तिसरा. असे थरावर थर चढत गेले आणि आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूभाग त्यांच्याखाली आहे. सह्याद्रीकडं या सगळ्या थरांची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. पूर्वेकडं यावं तशी ती कमी होते. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल बोअर घेतलं तेव्हा ३३८ मीटरवर काळा दगड संपला आणि खाली वेगळाच, कित्येक पटींनी जुना खडक लागला. भूकंपाच्या त्या पहाटे आमच्याकडंही भांडी वाजली होती, म्हणून हा आकडा माझ्या डोक्यात पक्का बसलाय. सोलापूर हे असं पूर्वेकडचं, पातळ होत चाललेल्या थरांचं गाव.

प्रत्येक प्रवाहाला माथा, पोट आणि तळ असतो. तुम्ही उभे आहात तो खडक यांपैकी काय आहे, हा पहिला प्रश्न.

लाव्हा थिजताना त्यातला वायू बुडबुड्यांच्या रूपानं वर सरकतो आणि वरचा भाग आधी घट्ट झालेला असल्यामुळं तिथं अडकतो. म्हणून माथा भोकाभोकांचा, मऊ, बऱ्याचदा लालसर किंवा जांभळट. आमच्या भाषेत मांजऱ्या. पोटात बुडबुडे कमी, दगड एकसंध, काळा-निळसर, जड. हा पाषाण. बिट त्यात घुसलं की गाडीचा आवाज बदलतो आणि शेतकऱ्याचा चेहराही, कारण पाषाणात पाणी नसतं आणि फुटाचे पैसे मात्र चालू असतात. तळाशी कधी कधी बोटाएवढ्या उभ्या नळ्या दिसतात. खालच्या ओलसर जमिनीतली वाफ आणि लाव्ह्यातला वायू वर निसटताना त्या राहिलेल्या. नळ्या सगळ्या एकाच बाजूला कलल्या असतील तर लाव्हा त्या दिशेला सरकत होता असं समजा.

हे ओळखायला सुट्टा पडलेला एखादा तुकडा उचला, दुसऱ्या सुट्ट्या दगडावर हलकेच आपटा. पाषाण खणखणतो. मांजऱ्या भद्द वाजतो. मग तुकडा ओला करून भिंगाखाली धरा. भोकं रिकामी आहेत की भरलेली? भरलेली असतील तर मजा आहे. दगड थंड झाल्यावर त्यातून गरम पाणी झिरपत राहिलं आणि त्या पाण्यातल्या क्षारांनी भोकं भरली. कडेला हिरवट पातळ लेप आणि आत पांढरा दाणा, असं जोडीनं दिसतं. पांढरा दाणा कशाचा ते खिळ्यानं आणि व्हिनेगरनं ठरवायचं. खिळ्यानं ओरखडा उठत नाही, उलट खिळ्याचीच काळी रेघ उमटते, ती गारगोटी किंवा अकीकाच्या जातीतलं काही. ओरखडा उठला आणि त्या भुकटीवर व्हिनेगरचा थेंब टाकल्यावर बारीक फेस आला तर कॅल्साइट. ओरखडा उठला पण फेस नाही, दाणा मोत्यासारखा चमकतो किंवा सुयांच्या जुडग्यासारखा दिसतो, तर झिओलाइट. हे सगळं सुट्ट्या तुकड्यावर करा, घाटाच्या चिऱ्यावर नको. बोअरच्या पुडीत असे पांढरे कण दिसले की आमचा ऑपरेटर म्हणायचा, “मालक, साखर लागली.” साखरेनंतर पाणी लागेलच असं नाही, पण दगड बदलतोय एवढं नक्की.

दोन प्रवाहांच्या मध्ये कुठं तांबडा, गेरूसारखा मऊ पट्टा दिसला तर तिथं थांबा. खालचा प्रवाह थिजून उघडा पडला, ऊन-पावसानं त्याची माती झाली, आणि पुढच्या लाव्ह्यानं ती माती भाजून काढली. एका लाव्ह्यापासून दुसऱ्यापर्यंत गेलेला काळ त्या पट्ट्यात आहे. विहिरीच्या कडेला हा पट्टा हमखास दिसतो, तेव्हा गावात एखादी जुनी उघडी विहीर असेल तर मालकाला विचारून कठड्यावरून बघा. बोअरमध्ये हाच पट्टा आमचा वैरी. पाणी लागलं की फुगतो, ढासळतो आणि केसिंग, म्हणजे भोक ढासळू नये म्हणून घातलेला पाइप, आणखी खाली न्यावं लागतं.

भेगांकडंही बघा. लाव्हा थंड होताना आकसतो आणि तडकतो. माथ्यावरून बघितलं तर या भेगांचे पाच-सहा बाजूंचे आकार जुळतात, बाजूनं बघितलं तर उभे खांब. पाणी याच भेगांतून शिरतं आणि दगड आतून कुजवतं. कोपरे आधी जातात, मग चौकोनी ठोकळ्याचा गोल धोंडा होतो आणि भाकरीला पापुद्रा सुटावा तसे त्याचे थर सुटत जातात. त्या पापुद्र्यांचा भुगा म्हणजे मुरूम. मुरमाची पुढं झाली ती काळी माती. मंगळवेढ्याच्या शिवारात ही काळी इतकी खोल आहे की पावसाचं पाणी धरून ठेवते आणि रब्बीची ज्वारी नुसत्या ओलीवर निघते. भौगोलिक मानांकन मिळालेली ती मालदांडी शेवटी या दगडाचंच पीक. मातीत जे पांढरे खडे सापडतात त्यावर व्हिनेगर टाकून बघा, फेस येतो. ती चुनखड, मातीतल्या पाण्यानं विरघळवलेला चुना कोरड्या हवेत परत बसलेला.

आणि वाळूत चुंबक फिरवायला विसरू नका. पात्रात जिथं काळ्या रेघा दिसतात तिथं पिशवीतलं चुंबक टेकवा आणि उचला. पिशवीच्या बाहेर काळ्या कणांची मिशी उभी राहते. चुंबक पिशवीतून काढलं की कण खाली गळतात, म्हणून तर ते गुंडाळायचं. हे लोहाचे कण या काळ्या दगडातलेच, दगड कुजला तरी ते टिकतात आणि जड असल्यामुळं नदी त्यांना वेगळं गोळा करते. पोरांना बरोबर नेलंत तर बाकी काही नाही आठवलं तरी हे आठवतं.

खळगा देवाचा की माणसाचा

हा भाग सावकाश करा. नदीकाठच्या खडकावर भोकं, खळगे, घळी असतात आणि त्यातली कुठली पाण्यानं केली, कुठली माणसानं, हे ओळखता आलं की अर्धा इतिहास हातात आला.

पाण्याचा खळगा आतून गुळगुळीत असतो. तोंड लहान आणि पोट मोठं असंही असतं, कारण तळाला अडकलेला गोटा पुराच्या भोवऱ्यात गरगर फिरत पोट कोरत राहतो. हात घालून बघा (आधी काठी घाला, विंचू-साप पाहून), तळाशी गोल गोटे सापडले तर तेच कारागीर. निघोजचे रांजणखळगे अशाच कामाचे. ती कुकडी नदी, आणि तिचं पाणी घोड नदीतून अखेर आपल्या भीमेतच येतं. इकडं माणूस बसेल एवढे रांजण शोधू नका, वाटीएवढा, घमेल्याएवढा खळगाही तीच गोष्ट सांगतो.

माणसाच्या भोकाला टाकीचे घाव असतात. बाजू सरळ, तळ सपाट किंवा निमुळता. खांब रोवायचं भोक चौकोनी किंवा गोल, आणि बहुतेक वेळा एकटं नसतं, ठरावीक अंतरावर त्याचा जोडीदार असतो. काठीनं अंतर मोजून वहीत लिहा, मांडवाचा किंवा ओटीचा आराखडा निघू शकतो. खडकाच्या कडेला आरपार भोक आणि त्याच्या तोंडाशी घासून पडलेली खाच दिसली तर तिथं दोर बांधला जात होता. होडीचा असेल, जनावराचा असेल.

एका रांगेत आयताकृती छोट्या खाचा दिसल्या तर ती दगडाची खाण. वडारी खाचा पाडून त्यात पोलादी पाचरी बसवायचे आणि रांगेनं सुतकी (मोठा हातोडा) मारत जायचे, दगड रेषेत फुटायचा. कधी कधी रांग पाडून दगड न फोडता सोडलेला असतो, तो सापडला तर फोटो काढाच. याच्याशी एक गोष्ट घोळू नका. खडकाच्या उभ्या तोंडावर अर्ध्या नळीसारखी लांब खोबण दिसली तर ती सुरुंगाची. खोबण गुळगुळीत आणि एकसारखी गोल असेल तर कॉम्प्रेसरच्या ड्रिलची, म्हणजे अगदी अलीकडची. वेडीवाकडी, किंचित तिकोनी वाटत असेल तर पहारीनं हातानं पाडलेली, आधीची. हे मात्र मी छातीठोकपणे सांगतो, त्यात आयुष्य गेलंय.

आता पायऱ्या चढत वर या. हात लावत या. प्रत्येक चिऱ्याला विचारायचं: तू इथलाच का? खाली बघितलेला पाषाण आणि पायरीचा चिरा सारखा दिसला तर दगड लांबून आणायची गरज पडली नाही. जोत्याला आणि खांब-तुळयांना घट्ट पाषाण वापरलाय आणि भरावाला मांजऱ्या, असं दिसलं तर बांधणाऱ्याला दगडाची जात कळत होती. कुठं तरी करडी, पातळ, सपाट फरशी लागेल, तिला व्हिनेगरचा थेंब दाखवा. फेस आला तर ती शहाबादी, म्हणजे चुनखडक. तो या काळ्या दगडापेक्षा फार जुना, आणि इथं उगवत नाही. शहाबाद कलबुर्गीकडचं. रेल्वे सोलापूरला १८६० मध्ये आली आणि ती लाइन रायचूरपर्यंत १८७१ मध्ये पोचली. त्या मार्गावर शहाबाद आहे. तेव्हा एखाद्या ओवरीत शहाबादी फरशी दिसली तर ती बैलगाडीच्या काळातली असण्यापेक्षा रेल्वे आल्यानंतरची डागडुजी असण्याची शक्यता जास्त. सरसकट नियम नाही, पण पुढचा प्रश्न विचारायला धागा मिळतो. ऑइल पेंट फासलेल्या खांबांपुढं मात्र कुठलीच पद्धत चालत नाही. रंगाच्या डब्यावर जेवढा खर्च गावोगावच्या देवळांत होतो तेवढा गळतीवर झाला असता तर बरं होतं.

किल्ल्यात गेल्यावर कुठला तट शाबूत आहे आणि कुठला ढासळलाय, आणि दोन्हींच्या पायाखाली काय आहे, एवढंच आधी बघा. पाया खडकावर आहे की गाळाच्या दरडीवर? नदी चिऱ्याशी कधीच भांडत नाही, ती पायाखालची माती काढून घेते.

मग औरंगजेब

एवढं झाल्यावर इतिहासाकडं वळायला हरकत नाही. औरंगजेब १६८१ साली दक्षिणेत उतरला. १६८६ मध्ये विजापूर, १६८७ मध्ये गोवळकोंडा घेतलं. १६८९ च्या मार्चमध्ये संभाजी महाराजांना मारलं, तेही याच भीमेच्या काठी, वर पुण्याकडं. त्याच वर्षी रायगड पडला आणि येसूबाई व बाळ शाहू मोगलांच्या कैदेत आले. १६९५ पासून १६९९ पर्यंत बादशहाची मुख्य छावणी माचणूरला लागून असलेल्या ब्रह्मपुरीला होती. नाव बदलून त्यानं इस्लामपुरी केलं होतं. १६९९ च्या ऑक्टोबरात तो मराठ्यांचे किल्ले घ्यायला स्वतः निघाला आणि बायका, सामानसुमान, तळ वजीर असदखानाच्या हवाली मागं ठेवला. नदीपलीकडं बेगमपुरात त्याच्या मुलीची म्हणून कबर दाखवतात. जाताना किंवा येताना ती बघा.

एवढी मोठी छावणी इथंच का? विजापूर ते अहमदनगर ही वाट, बारमाही पाणी, वैरण, ही कारणं पुस्तकांत मिळतात. माझं आपलं एक मत आहे. पावसाळ्यात मंगळवेढ्याच्या काळ्या रानात गाडी घालून बघा. चिखल चाकाला धरतो तो सोडत नाही, मग तोफा आणि हत्ती लांबच. राहायचं तर मुरमाड, खडकाळ, पाणी निचरणारी जमीन हवी आणि तीही नदीला लागून. अशी जागा काठावर फार ठिकाणी नाही. तरी नदीनं सोडलं नाहीच. भीमेला पूर येऊन छावणीचं मोठं नुकसान झाल्याची नोंद आहे. तुम्हीही पुराची खूण शोधा: बाभळीच्या फांद्यांत अडकलेला पालापाचोळा, भिंतीवर गाळाची आडवी रेघ. २०२० च्या ऑक्टोबरात भीमेला जो पूर आला त्याची पातळी काठावरच्या कुठल्याही गावात हातानं दाखवतात.

देवळाची दंतकथा तुम्हाला कोणी तरी सांगेलच. बादशहानं नैवेद्य म्हणून मांस पाठवलं आणि ताटावरचं फडकं काढल्यावर पांढरी फुलं निघाली. ती मन लावून ऐका आणि वहीत वेगळ्या पानावर लिहा, कोणी सांगितली, कुठं, कशी. दगडाच्या नोंदीत ती मिसळू नका आणि सांगणाऱ्याशी वादही घालू नका.

माणसांना काय विचारायचं

‘इथला इतिहास सांगा’ असं विचारलंत की लोक औरंगजेबच सांगतात. विचारायचं वेगळं. घरासाठी दगड कुठून आणला? कुठल्या विहिरीला पाषाण लागला, कुठलीला पाणी? पूल नव्हता तेव्हा पलीकडं कसे जायचे? एका आजींना मी विचारलं, “आजी, पूर्वी पाणी कुठवर यायचं?” तर त्यांनीच मला उलट विचारलं, “पूर्वी म्हंजी कवा रं बाबा? धरणाआदी का धरणामागून?” त्या दिवसापासून मी प्रश्नात धरण घालूनच विचारतो. उन्हाळ्यात कुठला खडक उघडा पडायचा आणि आता पडत नाही, कुठल्या डोहाचा तळ दिसायचा, हे साठी-सत्तरीच्या माणसांनाच ठाऊक आहे. त्यांच्याबरोबर घाटावर या आणि बोटानं दाखवायला सांगा. घरी बसून ‘तिकडं’ म्हणतात ते तिकडं कुठं ते कळत नाही.

हात मोकळा असेल तर कुडल

माचणूरची सवय झाली की त्याच नदीनं खाली हत्तरसंग कुडलला जा, दक्षिण सोलापूर तालुक्यात, सीना भीमेला मिळते तिथं. संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे. सोलापूरचे शिलालेखांचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो वाचून पुढं आणला. ‘वाछि तो विजेया होईवा’, जो वाचील तो विजयी होईल. शेजारच्या हरिहरेश्वर मंदिराच्या परिसरात उत्खननात निघालेलं बहुमुखी शिवलिंग आहे, त्यावर ३५९ मुखं कोरलेली. एका अखंड पाषाणातून एवढं काम निघालंय. माचणूरला पाषाणाची आणि मांजऱ्याची परीक्षा केलेली असेल तर कोरणाऱ्यानं दगड किती पारखून घेतला असेल ते त्या लिंगापुढं उभं राहिल्यावर समजतं. भोकाळ दगडात नाक-डोळे टिकत नाहीत.

शिलालेख बघताना त्यावर पीठ, खडू, तेल काहीही चोळू नका. अक्षरं स्पष्ट करायच्या नादात लोकांनी चांगले लेख खराब केलेत. मोबाइलचा टॉर्च बाजूनं, जवळजवळ दगडाला टेकवून धरा आणि हळूहळू फिरवा, अक्षरं आपोआप वर येतात. कुठल्या शेताच्या बांधावर वीरगळ, सतीशिळा, कोरीव तुकडा पडलेला दिसला तर जागेवरच राहू द्या. गारगोटीच्या पातळ, धारदार कपच्या एका ठिकाणी पुष्कळ दिसल्या तर त्याही उचलू नका, ती दगडी हत्यारं असू शकतात आणि जागेवरून हलवली की त्यांची साक्ष संपली. फोटो, जागा, शेतमालकाची परवानगी, आणि पुरातत्त्व खात्याला किंवा विद्यापीठात कळवणं, एवढंच आपलं काम.

फोटो काढताना शेजारी पेन ठेवा, म्हणजे माप कळतं. नाणं ठेवलंत तर ते देवाला वाहिलं समजून कोणी तरी नमस्कार करून जातो. एक फोटो जवळून, एक चार पावलं मागून, एक इतक्या लांबून की देऊळ किंवा झाड चौकटीत येईल. नुसते जवळचे फोटो घरी गेल्यावर एकमेकांसारखेच दिसतात. वहीत तारीख, पाण्याची पातळी कुठल्या पायरीपर्यंत होती, आणि खालून वर दिसलेल्या थरांचं साधं चित्र काढा. चित्र वाईट आलं तरी चालेल, उंची मात्र लिहा, फुटात. पुढच्या उन्हाळ्यात परत गेलात तर आधी पायरी मोजा, मग मागच्या पानाशी ताडून बघा. नदी दर पुरानंतर काही झाकते, काही उघडं करते. वहीच्या पानांची एक झेरॉक्स गावातल्या शाळेत देऊन या. गुरुजींना परिसर अभ्यासाला लागतेच.